डॉ. असीमा चॅटर्जी : वनस्पतींच्या अंतरंगाचा शोध

सदाफुली आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंडीत असते. तिच्यापासून कर्करोगावरचे औषध डॉ. असीमा चॅटर्जी यांनी शोधले, असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. त्या निमित्ताने या थोर विदुषीचा खरा परिचय सभासदांना करून द्यावा, असे आम्हाला वाटले.

असीमा यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कोलकात्यात झाला. वडील डॉक्टर, त्यांना वनस्पतींची आवड. तीच आवड मुलीत उतरली. १९३६ मध्ये त्या रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि १९४४ मध्ये कोलकाता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. लहानग्या मुलीला बरोबर घेऊन त्यांनी अमेरिकेत व स्वित्झर्लंडमध्ये संशोधन केले आणि १९५० मध्ये त्या मायदेशी परतल्या.

वनस्पतीतील अल्कलॉइड वेगळे काढायचे, शुद्ध करायचे आणि त्यांची रचना ठरवायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. सर्पगंधा आणि सदाफुलीच्या कुळातील अल्कलॉइडांवर त्यांनी पुष्कळ संशोधन केले. त्या काळी साधने अपुरी आणि पैसाही तुटपुंजा. तरीही त्यांनी विद्यार्थ्यांची मोठी फळी उभी केली. अपस्मारावर बंगालातील शुषनी या पालेभाजीपासून, तर हिवतापावर सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांपासून औषधे तयार करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

मात्र सदाफुलीतील व्हिनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळे केले. पुढे व्हिन्क्रिस्टिन अमेरिकेतील एली लिली कंपनीत मिळाले. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ज्याची रक्कम त्याच्याच खात्यात जमा व्हावी. त्याने असीमाबाईंची शिल्लक कमी होत नाही. १९६१ चा भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७५ मध्ये पद्मभूषण आणि भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद, पुढे राज्यसभेचे सदस्यत्व, असे मान त्यांना मिळाले. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

एक कळकळीची विनंती. ही औषधे रक्ताचा कर्करोग, हॉजकिन अशा आजारांत डॉक्टर अगदी मोजून, शिरेतून देतात. यकृताच्या कर्करोगासाठी वनस्पतींमधला शोध अजून चालूच आहे. म्हणून घरात कुणी आजारी असेल, तर सदाफुलीची पाने चावून खाऊ नयेत, काढाही घेऊ नये. ती विषारी असतात. पानातून औषध काढायला किती वर्षांची मेहनत लागते, हेच तर असीमाबाईंचे आयुष्य सांगते.