अंगणातील शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

मिठबावच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढणारे, शिंपले लहानमोठे निवडून ओळीने मांडणारे मूल नुसते खेळत आहे, असेच वडीलधाऱ्यांना वाटते. त्या खेळातच ते शिकत असते, ही दृष्टी महाराष्ट्राला देण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे स्थान अग्रभागी आहे.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. स्त्रियांच्या शिक्षणाचीच जेथे वानवा होती, त्या काळात राजकोटच्या स्त्री अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. हे मानाचे पद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धती तेथे होती. परंतु गिजुभाईंनी तिला कथाकथन, गाणी व नाट्य यांची जोड दिली होती. आठवड्यातून एकदा पेटी वाजवून उरकण्याचा विषय म्हणून तेथे संगीताकडे कोणी पाहत नसे. गोष्टीतून भाषा आणि तालातून शिस्त, असा तो क्रम होता. १९२६ साली या कार्यासाठी नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवरची वाटचाल यशाचीच म्हणावी लागेल. तथापि एक शल्य उरले होते. माँटेसरीची मोजूनमापून घडविलेली साधने महाग होती. त्यांचा लाभ शहरातील सुस्थित घरांच्या मुलांनाच होत होता. खेड्यातील मुलांचे काय? १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, दादरचे स्थिरस्थावर झालेले काम मागे ठेवून ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

पहिला अनुभव निराशेचा होता. बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकत ना. दुसरा कोणी असता तर पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळा झाला असता. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून आला. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, मातीकाम. परदेशी साधनांच्या जागी चिंचोके, खडे, पाने, शंखशिंपले आले. रंगांची ओळख पानाफुलांवरून, मोजणी बियांवरून, आकार चिखलातून. खर्च जवळजवळ शून्य. मात्र शिक्षिकेच्या कल्पकतेची कसोटी होती, आणि ती अधिक अवघड होती.

पुढे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. म्हणून शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. अंगात उपजत ताल असलेली ही मुले पाटीसमोर मुकी होत. गाण्यात मात्र सहज मिसळत. तेव्हा आरंभ कोठून करावयाचा, हे मुलांनीच ठरविले.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबादचे कार्य अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, सांभाळले. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिने अंगणवाडी हेच नाव स्वीकारले, आणि ते कोकणातील वाडीवाडीपर्यंत पोहोचले. पोषण आहार व लसीकरण यांचा भार वाढत गेला तशी चिकणमाती अन् गाणी काहीशी मागे पडली, हेही नमूद केले पाहिजे.