तराजूचा काटा

जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे शव ठेवलेले आहे. त्याच्या दर्शनाला आपल्याकडची माणसे धर्म न विचारता जातात. मुंबईत त्याच्या नावाचे महाविद्यालय १८६९ पासून उभे आहे. पण या झेवियरला ज्याने घडविले, त्या इग्नेशियस लोयोलाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या तोंडी नसते.

मी इतिहासाचा विद्यार्थी, ख्रिस्ती नव्हे. तरीही या माणसाविषयी मला कुतूहल वाटले, आणि त्याला कारण आहे. ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून एक भूमिका आहे. हा मार्गदर्शक प्रवचन देत नाही, की पापांचा हिशेब मागत नाही. साधकाच्या प्रार्थनेत काय घडते आहे ते तो ऐकून घेतो आणि त्याची वाट त्याला ओळखू यावी म्हणून मदत करतो. आज या कामाचे रीतसर शिक्षण दिले जाते आणि त्यात अनेक ठिकाणी इग्नेशियसचे एक छोटेसे पुस्तक आधाराला घेतात. मग खुद्द इग्नेशियसला हे कोणी शिकवले? या प्रश्नामुळेच मी त्याच्या चरित्राकडे वळलो.

त्याचा जन्म १४९१ च्या सुमारास स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, लोयोला येथील सरदार घराण्यात झाला. मूळ नाव इन्यिगो. तलवार, मानमरातब आणि नटणे-मुरडणे यांत त्याचे तारुण्य गेले. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले आणि एक तुकडा गुडघ्याखाली उंच राहिला. घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून या गृहस्थाने तो तुकडा कापून घेतला, आणि तोही भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात!

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शिलेदारी कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. त्याच्या खऱ्या शिक्षणाचा पहिला धडा येथे सुरू झाला. कधी तो एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची स्वप्ने पाही, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही विचार गोड वाटत. पण पहिला ओसरला की मन कोरडे पडे आणि दुसऱ्याचे समाधान मागे रेंगाळत राही. इतकी लहानशी गोष्ट! पण विचार कसा आला यापेक्षा तो जाताना काय ठेवून गेला हे पाहावे, ही त्याची कसोटी येथेच सापडली.

१५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्याने तलवार वाहिली आणि आपली भारी वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली. बिचाऱ्या भिकाऱ्यावर चोरीचा आळ आला आणि ते कळताच इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पुढचे दहा-अकरा महिने त्याने मान्रेसा गावी काढले. केस आणि नखे वाढवली, रोज सात तास प्रार्थना केली. पण जुन्या पापांची शंका त्याला सोडीना. कबुली दिली तरी काही राहून गेले असे वाटे. जीव द्यावा इथपर्यंत मन गेले. आठवडाभर तो अन्नावाचून राहिला आणि शेवटी धर्मगुरूच्या आज्ञेने उपास सोडला. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की धर्माचा वेष घेऊन येणारा प्रत्येक विचार देवाकडचा असतोच असे नाही. या अनुभवांची टिपणे तो ठेवीत गेला. त्याचे पुढचे पुस्तक या टिपणांतून वाढले.

१५२३ मध्ये तो जेरुसलेमला जाऊन आला आणि पुढच्या वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकू लागला. विद्यार्थीमित्रांना पटेल असा एक प्रसंग येथे घडला. धातू पाठ करायला बसले की त्याला ध्यानाचा विलक्षण आनंद होई. प्रार्थनेच्या वेळी मात्र तो होत नसे! त्याने ओळखले की हे अभ्यास चुकवण्याचे निमित्त आहे. त्याने शिक्षकांकडे जाऊन दोन वर्षे वर्ग न चुकवण्याचे वचन दिले.

मात्र शिकता शिकता तो लोकांना मार्गदर्शनही करू लागला होता. पदवी नाही, दीक्षा नाही, आणि हा आत्म्याच्या गोष्टी सांगतो म्हणजे काय? अल्काला येथे धर्माधिकाऱ्यांनी त्याला बेचाळीस दिवस तुरुंगात ठेवले. सालामांकात पुन्हा बावीस दिवस. शिकवणुकीत दोष निघाला नाही, पण आधी अभ्यास पुरा कर असे बजावण्यात आले. १५२८ च्या फेब्रुवारीत तो पॅरिसला पोहोचला.

तेथे सुरुवातीलाच मोठे वादळ झाले. त्याच्याकडून साधना घेतलेल्या तीन विद्यार्थ्यांनी पुस्तकांसह सर्वस्व वाटून टाकले आणि ते भिक्षा मागू लागले. विद्यापीठात गहजब उडाला. मित्रांनी त्यांना बळजबरीने परत आणले. सांत बार्ब महाविद्यालयाच्या प्रमुखांनी तर इग्नेशियसला सर्वांसमक्ष फटके मारण्याची धमकी दिली. पुढे त्याच महाविद्यालयात तो राहायला गेला. खोलीत दोन सोबती होते : पियेर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर.

फाव्र त्याला तत्त्वज्ञान समजावून देई. या फाव्रचे मन पापाच्या शंकांनी पोखरलेले होते. इग्नेशियसला मान्रेसाचे दिवस आठवले असतील. पण त्याने घाई केली नाही. रोज आत्मपरीक्षण, दर आठवड्याला कबुली, एवढेच सांगून तो जवळजवळ चार वर्षे थांबला. १५३४ च्या हिवाळ्यात महिनाभराची साधना दिली, तेव्हा फाव्रने कडाक्याच्या थंडीत शेकोटीवाचून सहा दिवस उपास केला. इग्नेशियसने त्याला खायला लावले आणि शेकोटी पेटवायला सांगितली. तीन विद्यार्थ्यांच्या त्या प्रकरणापासून या शेकोटीपर्यंतचे अंतर हेच त्याचे खरे प्रशिक्षण, असे मला वाटते. पुढे साधना देण्यात फाव्रइतका निष्णात दुसरा नाही, असे मत इग्नेशियसने दिले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी या मंडळींनी, एकूण सात जणांनी, मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतले. १५४० मध्ये पोपने त्यांच्या येशूसंघाला मान्यता दिली आणि १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्यात उतरला.

'आध्यात्मिक साधना' हे इग्नेशियसचे पुस्तक १५४८ मध्ये रोममध्ये छापले गेले. ते वाचण्याचे पुस्तक नाही, करण्याचे आहे. साधना देणाऱ्यासाठी आरंभीच सूचना आहेत. विषय थोडक्यात सांगावा, कारण स्वतःला सापडलेले थोडेसेच मनाला अधिक तृप्त करते. साधकाचे वय, शिक्षण, ताकद पाहून साधना बेतावी. त्याची गुपिते उकरू नयेत. त्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगलाच अर्थ घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला अमुक एका जीवनमार्गाकडे ढकलू नये, अगदी संन्यासाकडेसुद्धा. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे आणि देव व साधक यांचा व्यवहार थेट होऊ द्यावा. पारड्यात स्वतःचे वजन टाकू नये.

एका संघाचा प्रमुख, ज्याला माणसे हवीच होती, त्याने हे लिहावे याचे मला मोठे मोल वाटते. तो ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये वारला, तेव्हा संघात सुमारे हजार माणसे होती. पुढे याच संघातील फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी आपल्या मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. १६२२ मध्ये इग्नेशियस आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

पदवीच्या उंबरठ्यावरील आम्हा विद्यार्थ्यांना सल्लागारांची वाण नाही. बी. एड. करावे, बँकेची परीक्षा द्यावी की घरची शेती पाहावी, याची उत्तरे आमच्या आधी इतरांपाशी तयार असतात. ती देणाऱ्यांचे प्रेम खोटे नसते. पण पारड्यात त्यांचे बोट असते. इग्नेशियसला ते बोट उचलायला बारा-तेरा वर्षे, दोन तुरुंग आणि एक गहजब एवढे शिक्षण लागले. आमच्यांपैकी बरेच जण उद्या शिक्षक होतील, आईबाप तर बहुतेक सगळेच होतील. समोरचा आपल्या आयुष्याचे माप घेत असताना जवळ उभे राहायचे आणि हात मागे ठेवायचा, हे आम्हांलाही शिकावे लागणार आहे.