तळघरातून निघालेली कंपनी

रविवारी दुपारी कोथरूडच्या मित्राकडे टेबलाभोवती बसून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताय ना? मग वीस बाजूंचा तो फासा टाकण्याआधी गॅरी गायगॅक्सची गोष्ट ऐकाच.

जन्म १९३८ चा, शिकागोचा. शाळा अर्धवट सोडलेली. पुढे विमा कंपनीत नोकरी, लग्न, पोरंबाळं. पण जीव सगळा युद्धाच्या खेळांत. १९७० मध्ये नोकरी गेली. मग लेक जिनिव्हा या छोट्या गावात, घराच्या तळघरात तो बूट दुरुस्त करायला लागला आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहायला.

डेव्ह अर्नेसनने त्याला एक वेगळाच खेळ दाखवला. अख्खी फौज नाही, तुम्ही एकच पात्र व्हायचं आणि कल्पनेतल्या जगात उतरायचं. दोघांनी त्याचे नियम बांधले. अ‍ॅव्हलॉन हिल या बड्या कंपनीने ते छापायला नकार दिला. मग १९७३ मध्ये गॅरीने बालमित्र डॉन के याच्यासोबत स्वतःचीच कंपनी काढली, टीएसआर. १९७४ मध्ये हजार प्रती छापल्या, खोकी घरीच भरली. वर्षाच्या आत सगळ्या खपल्या!

लगेच इतरही उतरले. १९७५ मध्ये केऑसियम आली. तिच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’त तलवारबाजीपेक्षा शोध महत्त्वाचा, आणि तुमचं पात्र चक्क वेडंही होऊ शकतं.

इकडे १९७५ मध्येच के हृदयविकाराने गेला. पैशासाठी घेतलेल्या भागीदारांचे शेअर्स वाढत गेले. रॉयल्टीवरून अर्नेसन कोर्टात गेला. १९८५ मध्ये कंपनीची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षी गॅरी बाहेर पडला. खेळ मात्र कंपनीकडेच राहिला.

१९९७ मध्ये कर्जात बुडालेली टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. २००० मध्ये तिने मूळ नियमांचा मोठा भाग सर्वांसाठी खुला केला आणि कितीतरी छोटे प्रकाशक उभे राहिले. गॅरी नवे खेळ लिहीत राहिला, घरी लोकांना खेळवत राहिला. ४ मार्च २००८ ला तो गेला, त्याच गावात.

तुमच्या कट्ट्यावरही कुणीतरी वहीत गेम लिहीत असेलच. लिहा, बिनधास्त! फक्त दोन गोष्टी आधीच ठरवा: कल्पना कुणाची, आणि शेअर्स किती कुणाचे. मैत्री आहे तोवरच हे कागदावर आणा.