बीव्हरचा रखवालदार

ग्रे आउल या नावाने जगाला माहीत झालेला आर्चिबाल्ड बेलानी १८८८ साली इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे जन्मला. त्या वेळी त्याच्या देशातल्या नद्यांत एकही बीव्हर उरला नव्हता. फर, मांस आणि कॅस्टोरियम यांसाठी माणसाने तो काही शतकांपूर्वीच संपवला होता. कॅस्टोरियम हा बीव्हरच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतील स्राव. विलोच्या सालीतून येणारे, ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलिक आम्ल त्यात सापडते. जुने वैद्य तो डोकेदुखीवर देत.

बीव्हर आपल्याकडे नाही. नद्यांत दिसणारे पाणमांजर मासे खाते. बीव्हर मात्र उंदीर-खारींच्या गणातला, साल आणि पाला खाणारा प्राणी. त्याच्या दोनच जाती आहेत. एक युरोप-आशियात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे जेमतेम १२०० प्राणी उरले होते. दुसरी उत्तर अमेरिकेत, अलास्का व कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत. उत्तरेचा वृक्षहीन बर्फाळ प्रदेश तिला फार काळ वर्ज्य होता, कारण झाडांशिवाय अन्नही कठीण आणि धरणही कठीण.

बेलानी १९०६ मध्ये कॅनडात गेला. ओजिब्वे लोकांकडून रानविद्या शिकला, बीव्हर पकडून पोट भरू लागला. पहिल्या महायुद्धात त्याच्या पायाला जखम झाली. परतल्यावर पुन्हा सापळे सुरू झाले. १९२८ मध्ये त्याच्या सापळ्यामुळे एक मादी मेली आणि दोन पिल्ले पोरकी झाली. मोहॉक वंशाची पत्नी अनाहारेओ हिच्या आग्रहाने त्याने ती सांभाळली. पुढे त्याने बीव्हरची शिकार सोडली ती कायमची.

१९३१ मध्ये सरकारने त्याला मॅनिटोबातील रायडिंग माउंटन उद्यानात नेमले. तिथे दुष्काळाने तलाव उथळ झाला. बीव्हरच्या घराचे दार पाण्याखाली असते आणि हिवाळ्याचा फांद्यांचा साठाही पाण्यातच असतो. तलाव तळापर्यंत गोठला, तर प्राणी उपाशी मरतो. म्हणून त्याच वर्षी सारा संसार सास्काचेवानमधील अजावान तलावावर हलवला गेला. तिथे बीव्हरांनी आपले घर थेट त्याच्या खोपटात बांधले!

पुस्तके आणि व्याख्यानांमुळे त्याचे नाव झाले. लोक त्याला मूलनिवासी समजत. तसे तोच सांगत असे. दारू आणि दौऱ्यांची दगदग यांनी त्याचे शरीर पोखरले. १३ एप्रिल १९३८ रोजी, पन्नाशीही न गाठता, न्यूमोनियाने तो गेला. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेले नव्हते. तो मूळचा इंग्रज असल्याचे लगोलग उघड झाले आणि त्याच्या कामावरही शंका घेतली गेली.

त्याने स्वतःविषयी खोटे सांगितले, हे खरेच. मूलनिवासींच्या नावाने मिळालेला मान त्यांचा होता. पण खोल पाणी आणि काठची झाडे राखली तरच बीव्हर जगतो, हे त्याने दाखवलेले सत्य त्यामुळे खोटे ठरत नाही. २००९ मध्ये स्कॉटलंडमधील नॅपडेलच्या जंगलात बीव्हर पुन्हा सोडले गेले. २०२२ पासून इंग्लंडमध्येही त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. बेलानीच्या जन्मभूमीत बीव्हर परतला आहे.