नाथांचे अंगण

गोदावरीच्या काठी पैठण नावाचे एक प्राचीन नगर आहे. छत्रपती संभाजीनगरपासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर ते वसलेले आहे. सातवाहन राजांच्या काळी हे नगर प्रतिष्ठान ह्या नावाने प्रसिद्ध होते. पुढे राजधानीचे वैभव ओसरले. परंतु विद्येचे वैभव टिकून राहिले. धर्मशास्त्रातील एखादा अवघड प्रश्न उपस्थित झाला की, लोक पैठणच्या पंडितांकडे धाव घेत आणि ते देतील तो निर्णय शिरोधार्य मानीत.

ज्याच्या हाती निर्णय असतो, त्याच्या हाती शिक्षाही असते. त्या काळी सर्वांत कठोर शिक्षा बहिष्काराची होती. गावाने एखाद्यास वाळीत टाकले की, त्याच्या घरी कोणी जेवावयास येत नसे आणि त्याला कोणी पंगतीस बोलावीत नसे. त्याच्या मुलामुलींची लग्ने जुळत नसत. घरी मृत्यू घडला, तरी खांदा द्यावयास माणूस मिळणे कठीण होई. ह्या शिक्षेत चाबूक नव्हता की बेडी नव्हती. माणसांनी केवळ पाठ फिरवायची. पण चाबकाचे वळ काही दिवसांनी मिटतात, फिरवलेल्या पाठी मात्र रोज सकाळी पुन्हा दिसतात.

तेराव्या शतकात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडे ह्याच पैठणास आली होती, असे परंपरा सांगते. त्यांच्या वडिलांनी संन्यास घेतल्यावर पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, म्हणून ते कुटुंब वाळीत पडले होते. आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा भोगणारी ती पोरकी मुले शुद्धिपत्र मागण्यासाठी पैठणच्या पंडितांपुढे उभी राहिली. त्यांतील ज्ञानदेवांनी १२९० साली नेवासे येथे मराठीत ज्ञानेश्वरी सांगितली. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १५३३ च्या सुमारास, पैठणातच एकनाथांचा जन्म झाला.

एकनाथांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी ह्यांनी त्यांचा सांभाळ केला. थोर विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा होत. बालवयातच एकनाथ देवगिरीस गेले आणि तेथील किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी ह्यांच्या सेवेत राहिले. स्वामी निजामशाहीचे चाकर होते. तरी मनाने विरक्त आणि ज्ञानी होते. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. ती शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर समईच्या उजेडात वह्या चाळीत बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवते झाले, अशी कथा आहे. दुसऱ्याची चूक दाखवणे सोपे असते. स्वतःच्या वहीतील चूक शोधण्यास मात्र रात्री जागवाव्या लागतात. ही सवय नाथांना जन्मभर उपयोगी पडली.

तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले. गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दिवसा लेखन, सायंकाळी कीर्तन आणि दारी येईल त्यास अन्न, असा त्यांच्या घरचा क्रम होता. नाथांच्या अंगणातील कीर्तनास कोणासही मज्जाव नव्हता. पंडित येत, शेतकरी येत, त्या काळी समाजाने अस्पृश्य मानलेली माणसेही येत. नाथ सर्वांना कळेल अशा मराठीत बोलत. हीच गोष्ट पुष्कळांना रुचली नाही.

नाथांना विरोध करणारे सगळेच दुष्ट होते, असे समजणे योग्य नव्हे. त्यांतील अनेक जण प्रामाणिक आणि विद्वान होते. शास्त्र संस्कृतातच राहिले पाहिजे, ते बाजारात आले तर त्याचे पावित्र्य नष्ट होईल, अशी त्यांना मनापासून भीती वाटत होती. ही भीती बोलून दाखवण्याचा आणि नाथांशी वाद घालण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु वाद घालणे वेगळे आणि वाळीत टाकणे वेगळे. वादात दोन माणसे समोरासमोर बसतात. बहिष्कारात एकास उठवून बाहेर घालवले जाते आणि मग बोलणेच संपते.

ही भीती केवळ पैठणची नव्हती. नाथ बालक होते, त्याच सुमारास, १५३६ साली, विल्यम टिंडल नावाच्या विद्वानास युरोपात पाखंडी ठरवून देहदंड देण्यात आला. बायबल सामान्य इंग्रज माणसास वाचता यावे म्हणून त्याने त्याचे इंग्रजीत भाषांतर आरंभिले होते. ज्ञान मोजक्यांच्या हातांतून अनेकांच्या हातांत जाऊ लागले की, मोजक्यांना धास्ती वाटते, असा जगाचा अनुभव आहे.

नाथांच्या घरी एकदा श्राद्ध होते. गिरिजाबाईंनी पक्वान्ने रांधली होती. त्यांचा सुवास रस्त्यापर्यंत दरवळत होता. बाहेरून जाणाऱ्या एका गरीब, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातील मुले त्या वासाने व्याकूळ झाली. नाथांनी ते पाहिले आणि पतिपत्नींनी त्या भुकेल्या कुटुंबास पोटभर जेवू घातले. मग घर स्वच्छ करून त्यांनी श्राद्धासाठी पुन्हा स्वयंपाक सिद्ध केला. परंतु आमंत्रित ब्राह्मणांनी जेवावयास येण्याचे नाकारले. मांडलेली पाने तशीच रिकामी राहिली. पुढे नाथांचे पितर स्वतः येऊन जेवले, असे भाविक सांगतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे. आपण त्या रिकाम्या पानांकडे पाहू. ज्यांच्यासोबत बालपणापासून एका गावात वाढलो, ती माणसे आपल्या दारावरून मान फिरवून जात आहेत, ह्याचे दुःख नाथांना झाले नसेल काय? संत झाले तरी ते माणूसच होते.

तथापि नाथांनी दोन गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी भुकेल्यांस अन्न देणे थांबवले नाही आणि ज्यांनी पाठ फिरवली, त्यांना आपले दार बंद केले नाही. पंडितांनी प्रायश्चित्त घ्यावयास सांगितले, तेव्हा त्यांनी तेही शांतपणे स्वीकारले, असे चरित्रकार सांगतात. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेले एक अस्पृश्य मानलेले मूल त्यांनी कडेवर घेऊन त्याच्या आईकडे पोहोचवले, हीही कथा प्रसिद्ध आहे. बहिष्काराला त्यांनी बहिष्काराने उत्तर दिले नाही.

ह्याच काळात नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिण्यास प्रारंभ केला होता. आरंभीच्या अध्यायांची वार्ता काशीस पोहोचली आणि तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारण्यासाठी बोलावून घेतले, असे परंपरा सांगते. नाथ घाबरून लपले नाहीत. ते काशीस गेले आणि पंडितांपुढे आपला ग्रंथ त्यांनी उलगडून सांगितला. ऐकता ऐकता विरोधकांचे मन पालटले. जो ग्रंथ गंगेत बुडवावा असे म्हणत होते, त्याचाच पुढे गौरव झाला. सुमारे १८,८०० ओव्यांचा हा ग्रंथ नाथांनी १५७३ साली काशीतच पूर्ण केला. आज तो एकनाथी भागवत ह्या नावाने घरोघरी वाचला जातो. काशीच्या पंडितांची एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ते रागावले होते, तरी त्यांनी ग्रंथ ऐकला. न ऐकता निकाल दिला असता, तर ते स्वतःच एका थोर ग्रंथास मुकले असते.

नाथांना सर्वांत कठीण विरोध परक्यांकडून झाला नाही. तो त्यांच्या घरातूनच आला. त्यांचे पुत्र हरिपंडित संस्कृतात पारंगत होते. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना पसंत नव्हते. ते रागाने काशीस निघून गेले. नाथ त्यांची समजूत घालावयास गेले, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: नाथांनी परान्न घेऊ नये आणि पुराण संस्कृतातच सांगावे. पुत्रप्रेमामुळे नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

मग पैठणात काय घडले? पुराण चालूच होते. परंतु ते ऐकणाऱ्यांस समजेना. आधी शेतकरी येईनासे झाले, मग स्त्रिया, मग कारागीर. ज्या अंगणात पाय ठेवावयास जागा नसे, ते ओस पडू लागले. एका माणसाचे तोंड बंद केले की, शेकडो माणसांचे कान रिते राहतात. ही गोष्ट त्या ओस पडलेल्या अंगणाने सर्वांना दाखवली.

पुढे एका गरीब स्त्रीने नाथांना जेवणाचे आमंत्रण दिले. तिने एक सहस्र ब्राह्मण जेवू घालण्याचा संकल्प सोडला होता. परंतु तेवढी ऐपत आता उरली नव्हती. नाथ एकटे जेवले तरी संकल्प पूर्ण होईल, अशी तिची श्रद्धा होती. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक करून नाथांना वाढले. जेवणानंतर ते नाथांची पत्रावळ उचलू लागले, तो तिच्याखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, अशी कथा सांगतात. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला, तरी तिचा आशय सुंदर आहे. आपण ज्यांना थोपवून धरले, ते एकटे नाहीत, त्यांच्यामागे सहस्रावधी माणसे उभी आहेत, हे हरिपंडितांच्या ध्यानी आले. त्यांनी दोन्ही अटी मागे घेतल्या. नाथांचे मराठी कीर्तन पुन्हा सुरू झाले आणि अंगण पुन्हा भरले. स्वतःची चूक उमगताच ती मान्य करणारे हरिपंडितही कौतुकास पात्र आहेत.

नाथांनी केवळ स्वतःचे बोलणे चालू ठेवले नाही, तर ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, त्यांनाही बोलते केले. त्यांच्या भारुडांत जोशी बोलतो, वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो, अस्पृश्य मानलेला मनुष्यही शहाणपण सांगतो. एका रचनेत त्यांनी हिंदू आणि तुर्क ह्यांचा वाद रंगवला आहे. दोघे एकमेकांस खूप दोष देतात. कोणी कोणास बोलू नको असे म्हणत नाही. आणि बोलणे पुरते संपल्यावर दोघे एकमेकांस आलिंगन देतात.

नाथांचे आणखी एक थोर कार्य ज्ञानेश्वरीविषयीचे आहे. जवळजवळ तीनशे वर्षे हाताने नकला होत गेल्यामुळे त्या ग्रंथात अनेक अशुद्ध पाठ शिरले होते. नाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानदेवांच्या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडू नये, असेही त्यांनी बजावले. एका पैच्या चुकीसाठी जागणारे डोळे येथे कामी आले. ज्या पैठणात एकेकाळी ज्ञानदेवांना शुद्धिपत्र मागत उभे राहावे लागले, त्याच पैठणच्या एका सुपुत्राने ज्ञानदेवांची वाणी शुद्ध स्वरूपात महाराष्ट्राच्या हाती दिली.

१५९९ च्या सुमारास फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला.

काळ बदलला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि माणसास वाळीत टाकणे हा गुन्हा ठरला. परंतु पाठ फिरवण्याची सवय कायद्याच्या एका फटक्याने जात नाही. कोणी न आवडणारे वाक्य बोलले की, मोबाइलवर हजारो माणसे त्याच्यावर तुटून पडतात, त्याचे म्हणणे पुरते न ऐकता त्याला सभेतून, कामातून, मैत्रीतून बाद करा असे म्हणतात. मग उरलेले लोक भीतीने गप्प बसतात. शाळेच्या वर्गातही एखाद्या मुलाशी कोणी बोलावयाचे नाही, असे चारदोन जण ठरवतात आणि बाकीचे निमूटपणे ऐकतात. त्या मुलाच्या डब्याशेजारची रिकामी जागा आणि नाथांच्या घरची रिकामी पाने ह्यांत फार अंतर नाही. कोणाचे म्हणणे चुकीचे असेल, तर ते चुकीचे आहे असे त्याच्यासमोर स्पष्ट सांगावे. कोणी दुसऱ्यास इजा करीत असेल, तर त्याला अवश्य थांबवावे. पण मत पटले नाही एवढ्यासाठी माणूसच पंगतीतून उठवू नये.

आज पैठणजवळ गोदावरीवर जे मोठे धरण आहे, त्याच्या जलाशयास नाथसागर म्हणतात. दरवर्षी नाथषष्ठीस गावोगावच्या दिंड्या टाळमृदंगाच्या गजरात पैठणास येतात. ज्यांच्या घरी एके दिवशी कोणी जेवावयास आले नाही, त्यांच्या गावी त्या दिवशी वाळवंटात पाय ठेवावयास जागा उरत नाही.