तमाशासम्राज्ञी विठाबाई

विद्यार्थी मित्रांनो, 'तमाशा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. 'शाहीर' हा शब्दही 'शायर'वरूनच झाला. मराठीत मात्र तमाशा म्हणजे केवळ गंमत नव्हे. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग अशा क्रमाने रंगणारी ती लोककला आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातील एखाद्या जत्रेत तुम्ही ढोलकीची थाप ऐकली असेल. त्या थापेवर उभे आयुष्य वेचणाऱ्या एका नर्तकीची ही हकीकत वाचा.

विठाबाईंचा जन्म 1935 साली पंढरपूर येथे झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे त्यांच्या घराण्याचे गाव. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. शाळेत विठाबाईंचे मन रमले नाही. नृत्याचे रीतसर शिक्षणही त्यांना मिळाले नाही. घरातील लावण्या आणि गवळणी ऐकत, मोठ्यांचे पाहत त्या शिकल्या. पायांत चाळ, हातांत अदा आणि गळ्यात गोडवा! त्या नाचत, गात आणि वगात अभिनयही करीत. लावणीचा अर्थ डोळ्यांनी आणि हातांनी सांगावा, तर तो विठाबाईंनीच, असे रसिकांना वाटे.

एकदा त्यांचे दिवस भरले होते, तरीही त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या. तेथेच बाळ जन्मले. त्यांनी दगडाने नाळ तोडली आणि थोड्याच वेळात त्या पुन्हा नाचायला आल्या! ही गोष्ट कळताच प्रेक्षक थक्क झाले. त्यांनीच विठाबाईंना विश्रांती घ्यायला लावली. मित्रांनो, हे धैर्य खरे. पण त्यामागची लाचारीही ओळखा. खेळ थांबला, तर साऱ्या फडाची चूल थांबत असे.

1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. लोकांनी त्यांना 'तमाशासम्राज्ञी' म्हटले. तंबूत त्यांच्यावर दौलतजादा होई. परंतु तंबूबाहेर तमाशातील स्त्रीला समाज मान देत नसे. त्यांची शेवटची वर्षे हलाखीत गेली. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. 2006 पासून महाराष्ट्र शासन तमाशा कलावंतांना त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही तमाशात मोठे नाव मिळवले.

कलेवर टाळ्या वाजवणे सोपे असते. कलावंताला माणूस म्हणून मान देणे अवघड असते. तुम्ही दोन्ही करा.

स्वाध्याय
1. विठाबाई नृत्य कशा शिकल्या?
2. खेळ थांबवणे त्यांना का शक्य नव्हते?
3. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.