छोट्या मोटारीचा मोठा शिल्पकार : दांते जाकोसा

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची निवृत्त झाली. ताडदेव आरटीओत २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा त्या दिवशी संपली. काळ्या-पिवळ्या रंगाच्या या गाडीला मुंबईकरांनी हळवेपणाने निरोप दिला. तिच्या चालकांची, छताजवळच्या सामानाच्या जाळीची, मीटर टाकताना होणाऱ्या आवाजाची आठवण निघाली. मात्र ज्या अभियंत्याच्या देखरेखीखाली या गाडीची मूळ आवृत्ती इटलीतील तुरिन शहरात आकाराला आली, त्या दांते जाकोसा यांचे नाव या निरोपात फारसे ऐकू आले नाही.

जाकोसा यांनी ‘फियाट’ कंपनीत चार दशके काढली. ‘टोपोलिनो’, ‘६००’ आणि ‘नुओव्हा ५००’ या त्यांच्या तीन छोट्या मोटारींनी इटलीतील मध्यमवर्गाला सायकल आणि स्कूटरवरून उचलून चार चाकांवर बसवले. कमी पत्रा, कमी पेट्रोल आणि कमी पैसा यांत जास्तीत जास्त माणसांची सोय कशी करायची, हा एकच प्रश्न ते आयुष्यभर सोडवत राहिले. त्याचे जे उत्तर त्यांना मनापासून पटले होते, ते रस्त्यावर आणण्यासाठी मात्र त्यांना साठीच्या उंबरठ्यापर्यंत वाट पाहावी लागली.

एकोणतिसाव्या वर्षी मिळालेले काम

जाकोसा यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी रोममध्ये झाला. कुटुंब मूळचे उत्तर इटलीतील पिदमाँत प्रांताचे. तुरिनच्या तंत्रविद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी ते फियाटच्या परिवारात दाखल झाले. सुरुवातीची वर्षे लष्करी वाहने आणि विमानांची इंजिने यांच्या आरेखनात गेली.

सामान्य इटालियन माणसाला परवडेल अशी मोटार हवी, असा मुसोलिनीच्या राजवटीचा आग्रह होता. फियाटचे संस्थापक जोव्हानी आन्येल्ली यांनी तसा प्रयत्न आधी करूनही पाहिला होता. ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने पुढची चाके ओढतील अशी छोटी गाडी तयार केली. १९३१ मध्ये तिच्या चाचणीला आन्येल्ली स्वतः बसले आणि वाटेत गाडीने पेट घेतला. सर्व जण सुखरूप बाहेर पडले. परंतु लार्दोने यांची नोकरी गेली आणि पुढच्या चाकांना गती देणारी गाडी फियाटमध्ये पुन्हा बनवायची नाही, असा दंडक पडला. आगीचे कारण ही रचना नव्हती, तरी शिक्षा मात्र रचनेलाच झाली. या दंडकाचे ओझे पुढे जाकोसा यांना तीस वर्षांहून अधिक काळ वाहावे लागले.

१९३४ मध्ये वरिष्ठ अधिकारी अँतोनिओ फेस्सिआ यांनी छोट्या गाडीचे काम जाकोसा यांच्याकडे सोपवले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते आणि संपूर्ण मोटार त्यांनी कधी तयार केलेली नव्हती. मोठ्या गाडीची लहान नक्कल करण्याचा मार्ग त्यांनी टाळला. अवघ्या ५६९ सीसीचे इंजिन त्यांनी पुढच्या आसाच्याही पुढे नेऊन बसवले आणि रेडिएटर त्याच्या मागे, थोड्या उंचीवर ठेवला. त्यामुळे नाकाडाला उतार मिळाला, माणसांसाठी जागा मोकळी झाली आणि गरम पाणी आपोआप वर चढत असल्याने पाण्याच्या पंपाचीही गरज उरली नाही. पेट्रोलची टाकी उंचावर असल्याने इंधनाचा पंपही वाचला. वाचलेला प्रत्येक सुटा भाग म्हणजे वाचलेला पैसा, हा धडा त्यांनी या पहिल्याच गाडीत गिरवला.

जून १९३६ मध्ये ‘फियाट ५००’ बाजारात आली. इटलीत मिकी माउसला ‘टोपोलिनो’, म्हणजे छोटा उंदीर, म्हणतात. लोकांनी तेच नाव या दोन आसनी गाडीला दिले. किंमत मात्र ८,९०० लिरा ठरली. राजवटीने जाहीर केलेल्या पाच हजारांच्या स्वप्नापेक्षा ती बरीच अधिक होती. कामगाराच्या घरी ही गाडी पोहोचली नाही. तरीही १९५५ पर्यंत निरनिराळ्या आवृत्त्यांत पाच लाखांहून अधिक ‘टोपोलिनो’ तयार झाल्या.

युद्धानंतरचा इटली

दुसऱ्या महायुद्धात तुरिनवर आणि फियाटच्या कारखान्यांवर बाँब पडले. युद्ध संपले तेव्हा देश कंगाल झाला होता. १९४५ च्या अखेरीस आन्येल्ली यांचे निधन झाले आणि कंपनीची सूत्रे व्हित्तोरिओ व्हालेत्ता यांच्याकडे आली. मोटारींच्या आरेखनाची जबाबदारी आता जाकोसा यांच्यावर होती.

मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘फियाट ११००/१०३’ ही गाडी मांडण्यात आली. वेगळी चेसिस नसलेला एकसंध सांगाडा, १,०८९ सीसीचे इंजिन, चार दरवाजे आणि कुटुंबाला पुरेल एवढी जागा, असे तिचे रूप होते. इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना, ही जुनी, खात्रीची मांडणी तिच्यात कायम होती. हीच गाडी पुढे मुंबईत येणार होती.

त्याच काळात जाकोसा यांच्यासमोर अधिक अवघड काम होते. चार माणसे बसतील, वजन ४५० किलोच्या आसपास राहील आणि ताशी ८५ किलोमीटर वेग गाठता येईल अशी गाडी कंपनीला हवी होती. पुढे इंजिन ठेवून मागची चाके फिरवायची, तर लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून न्यावा लागतो आणि आतली जागा खातो. इंजिन आणि गती दोन्ही पुढे ठेवणे हा उत्तम उपाय. पण तो खर्चिक होता, शिवाय जुना धसकाही होताच. जाकोसा यांनी तडजोड म्हणून सारी यंत्रणा मागे नेली. मार्च १९५५ मध्ये ‘फियाट ६००’ जिनिव्हात अवतरली. लांबी जेमतेम सव्वातीन मीटर, इंजिन ६३३ सीसीचे आणि किंमत ५ लाख ९० हजार लिरा. वजनाचे उद्दिष्ट साधले नाही. परंतु इटलीला आपली कौटुंबिक मोटार मिळाली. याच यंत्रणेवर त्यांनी १९५६ मध्ये सहा माणसांची ‘मल्टिप्ला’ उभी केली आणि ती रोमच्या टॅक्सीचालकांची आवडती झाली. स्पेनमध्ये ‘सिआत’ने आणि युगोस्लाव्हियात ‘झास्ताव्हा’ने ‘६००’चे उत्पादन केले. या दोन्ही देशांतील असंख्य घरांत आलेली पहिली मोटार हीच होती.

हाताने घडवलेली ‘५००’

‘६००’सुद्धा ज्यांना परवडत नव्हती असे लाखो लोक तेव्हा व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटावर फिरत होते. पाऊस आला की भिजणारे, मुलाला पुढे उभे करून आणि पत्नीला मागे बसवून जाणारे हे कुटुंब जाकोसा यांना गाडीत आणायचे होते. ‘नुओव्हा ५००’ या गाडीसाठी त्यांनी प्लास्टरचे नमुने तयार करवले आणि प्रत्येक वळणावर स्वतः लक्ष घातले. पत्र्याला गोलाई दिली की पातळ पत्राही ताठ राहतो. त्या गाडीचा लोभस गोलमटोलपणा या काटकसरीतून आला. छताला मधोमध कापड लावले. त्याने पत्रा वाचला आणि दोन सिलिंडरच्या इंजिनाची घरघर आत कोंडून राहिली नाही. लांबी तीन मीटरपेक्षाही कमी, इंजिन ४७९ सीसीचे आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे.

४ जुलै १९५७ रोजी ४ लाख ९० हजार लिरा किमतीला ही गाडी विक्रीस आली आणि ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. काचा खाली होत नव्हत्या, मागे बसण्याची नीट सोय नव्हती, तेरा अश्वशक्तीचे इंजिन अपुरे पडत होते. थोडे पैसे अधिक घालून ‘६००’ घेणे लोकांना शहाणपणाचे वाटले. गरिबासाठी बनवलेली वस्तू गरीब दिसून चालत नाही, हे या अपयशाने शिकवले. काही महिन्यांतच इंजिनाची शक्ती वाढली, काचा उघडू लागल्या, मागच्या आसनाला गादी आली आणि सुरुवातीच्या ग्राहकांना फरकाची भरपाईही देण्यात आली. त्यानंतर मात्र या गाडीने मागे वळून पाहिले नाही. १९५९ मध्ये इटलीतील औद्योगिक कलेचा मानाचा ‘कॉम्पासो दोरो’ पुरस्कार तिला मिळाला. १९७५ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिची संख्या पस्तीस लाखांच्या पुढे गेली होती.

तीस वर्षांची प्रतीक्षा

१९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ आली. इंजिन पुढे आडवे आणि गती पुढच्या चाकांना, अशी तिची रचना होती. जाकोसा यांना जे करू दिले गेले नव्हते, ते दुसऱ्याने करून दाखवले होते. ‘मिनी’त गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात, त्याच तेलात बसवलेला होता. जाकोसा यांना यापेक्षा सोपी वाट दिसत होती. इंजिन आडवे ठेवायचे, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी एका रेषेत जोडायचा आणि दोन चाकांकडे जाणारे शाफ्ट असमान लांबीचे ठेवायचे.

व्हालेत्ता यांना तरीही धोका वाटत होता. अखेर मधला मार्ग निघाला. फियाटची भागीदारी असलेल्या ‘ऑटोबियांची’ या छोट्या कंपनीच्या नावाने १९६४ मध्ये ‘प्रिम्युला’ ही गाडी काढण्यात आली. फसली असती तरी फियाटच्या नावाला धक्का लागला नसता. ती फसली नाही. १९६९ मध्ये तीच रचना ‘फियाट १२८’ या नावाने उघडपणे पुढे आली आणि १९७० चा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा किताब तिने मिळवला. आन्येल्ली यांची गाडी पेटल्याला तोवर अडतीस वर्षे झाली होती. आपले म्हणणे खरे ठरलेले पाहून जाकोसा १९७० च्या प्रारंभी निवृत्त झाले.

पुढची पंचवीस वर्षे त्यांनी शांतपणे काढली. फियाटमधील चाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. अंतर्ज्वलन इंजिनांवरील त्यांचे पाठ्यपुस्तक इटलीतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. ३१ मार्च १९९६ रोजी तुरिनमध्ये त्यांचे निधन झाले.

कुर्ल्यातील वारसा

जाकोसा यांची गाडी मुंबईत पोहोचली ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’मुळे. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात ‘११००’ तयार होऊ लागली. तिच्या फुगीर आकारामुळे मुंबईकरांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले. तुरिनमध्ये उंदीर झालेली फियाट मुंबईत डुक्कर झाली. दोन्ही शहरांनी लाडक्या गाडीला प्राण्याचेच नाव दिले. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तीच आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. इटलीने ही गाडी केव्हाच मागे टाकली होती. परवान्यांच्या राज्यात भारतीय ग्राहक मात्र तिच्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबत होता. जाकोसा यांनी डोळे मिटले तेव्हाही कुर्ल्यात ‘पद्मिनी’ तयार होत होती. सोपी यंत्रणा, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही जमणारी दुरुस्ती आणि टिकाऊ सांगाडा या त्यांच्या गुणांवर ती तगली. पण तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय बंदिस्त बाजारपेठेलाही द्यावे लागेल.

छोट्या मोटारींविषयीची ओढ आजही ओसरलेली नाही. ‘नुओव्हा ५००’च्या पन्नासाव्या वाढदिवशी, ४ जुलै २००७ रोजी, फियाटने तिच्या जुन्या रूपाची आठवण देणारी नवी ‘५००’ बाजारात आणली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ मध्ये मूळ ‘५००’ आपल्या संग्रहात घेतली.

जाकोसा यांची खरी आठवण मात्र संग्रहालयापेक्षा रस्त्यावर अधिक आहे. आडवे इंजिन, शेजारी गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना गती ही ‘प्रिम्युला’ची मांडणी पुढे जगभरातील छोट्या मोटारींनी स्वीकारली. १९८३ च्या ‘मारुती ८००’मध्येही तीच होती. मुंबईने ज्या ‘पद्मिनी’वर जीव लावला, ती जाकोसा यांच्या लेखी मागे टाकायची जुनी पायरी होती. तिची जागा घेणाऱ्या आजच्या ‘वॅगन-आर’ टॅक्सीचे बॉनेट उघडले, तर आत इंजिन आडवेच बसवलेले दिसते आणि त्याच्या शेजारी गिअरबॉक्स. ‘पद्मिनी’ गेली, तरी जाकोसा यांनी मुंबईची टॅक्सी सोडलेली नाही.